टायरला वय असते

टायर फुटणे ही काही देवाची करणी नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. अपघात २०१० सालचा होता. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. न्यायाधिकरणाने २०१६ साली त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनीला ती मान्य नव्हती. टायर फुटणे कुणाच्या हातात नसते, मग आम्ही पैसे का द्यायचे, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने ते फेटाळले. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान अशा कितीतरी कारणांनी टायर फुटतो, आणि निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असे निकालात म्हटले आहे. निकाल रास्तच आहे. मात्र अवस्था पाहायची म्हणजे नेमके काय पाहायचे, हा प्रश्न त्यातून उरतो. आपल्याकडे बहुतेक लोक एकच गोष्ट पाहतात: टायर किती घासला आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ते पुरेसे नाही. इथल्या बऱ्याच खासगी गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि म्हातारपण नक्षीवर दिसत नाही.

कायदाही नक्षीच पाहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ टायरच्या अवस्थेविषयी आहे. त्यानुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर. नव्या मोटारीच्या टायरवर साधारण ८ मिलिमीटर खोल खाचा असतात, म्हणजे मर्यादेपर्यंत पोहोचायला भरपूर वाव आहे. वयाची मर्यादा मात्र या नियमात नाही. दहा वर्षांपूर्वीचा टायर, खाचा शाबूत असतील तर, कायद्याच्या दृष्टीने धडधाकट. आणि ही खोली तरी कोण मोजतो? माल आणि प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला नोंदणीची पहिली १५ वर्षे अशी कोणतीच तपासणी नसते. पीयूसी काढताना धूर तपासतात, चाकाकडे कुणी वाकून पाहत नाही. १५ वर्षांत टायरचे दोन-तीन संच बदलून जातात आणि त्यांपैकी एकावरही सरकारी नजर पडत नाही.

आता यवतमाळचा हिशेब. शकुंतला ही आगगाडी बंद पडल्यापासून जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचे काम चालू आहे. तोवर सगळी भिस्त रस्त्यांवर. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब अशी गावे जोडणारा तुळजापूर-नागपूर मार्ग, आणि यवतमाळहून धामणगावमार्गे तासाभरात गाठता येणारा समृद्धी महामार्ग. या रस्त्यांवर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. वणीच्या कोळसा पट्ट्यातली वाहने, काळी-पिवळी, भाड्याच्या जीप यांचे टायर वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होतात. वयाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरा प्रकार घरच्या गाडीचा. ती लग्नाकार्याला निघते, दवाखान्यासाठी नागपूर किंवा सेवाग्रामला जाते, एरवी अंगणात उभी असते, पुष्कळदा उघड्यावर. वर्षाला ५ हजार किलोमीटर धरा. ४० हजार किलोमीटर चालणारा टायर अशा गाडीवर आठ वर्षे पुरेल, आणि सहाव्या वर्षीही त्यावर बऱ्यापैकी नक्षी असेल. मालक खुशीत असतो, टायर वसूल झाला म्हणून. जो गाडी जपतो, कमी चालवतो, खड्ड्यांतून हळू काढतो, त्याच्याच चाकांवर सर्वांत म्हातारे रबर असण्याची शक्यता जास्त, हा यातला उफराटा भाग.

रबराचे वय वाढते म्हणजे काय होते, हे थोडे समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. कच्चे रबर उन्हाने चिकट आणि थंडीने ठिसूळ होते. गंधक मिसळून ते तापवले की रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात आणि रबर टिकाऊ, लवचिक बनते. ही प्रक्रिया चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली सापडली. पण ती कारखान्यात संपत नाही. हवेतला ऑक्सिजन रबरात झिरपत राहतो, साखळ्या तोडतो आणि नवे पूल बांधतो. रबर कडक होत जाते, ताणले तर लवकर फाटते. वातावरणातला ओझोन बाहेरून बारीक भेगा पाडतो. हे टाळण्यासाठी टायरच्या मिश्रणात संरक्षक रसायने घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, टायरवर कधी कधी तपकिरी झाक दिसते ती त्यांचीच. गाडी चालत असताना टायर वळतो, दबतो, त्यामुळे ही रसायने बाहेर येत राहतात. उभ्या गाडीत तेही नीट होत नाही. या साऱ्याचा वेग ठरवते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो, आणि टायर त्याला टेकून उभा असतो.

बाहेरच्या भेगा निदान दिसतात. खरा धोका आत आहे. आजच्या रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांवर असतात आणि त्यांना बांधून ठेवते ते त्यांच्यामधले रबर. टायरमधली हवा दाबाखाली असते, तिच्यातला ऑक्सिजन आतल्या अस्तरातून थोडा थोडा या पट्ट्यांपर्यंत पोहोचत राहतो. पट्ट्यांच्या कडांपाशी रबर कडक झाले की तिथे सूक्ष्म चीर पडते, ती वाढते आणि एखाद्या दुपारी, भरलेल्या गाडीत, ताशी शंभरच्या वेगाने, वरचा पट्टा नक्षीसकट सुटतो. लोक त्याला टायर फुटला म्हणतात. आधी फुगवटा येतो, स्टिअरिंग थरथरते, कधी हेही होत नाही. रबर कडक होण्याचा दुसरा परिणाम कमी नाट्यमय आहे आणि म्हणून दुर्लक्षित आहे. कडक झालेली नक्षी ओल्या रस्त्याला नीट धरत नाही. उन्हाळ्यात भाजून निघालेला तोच टायर जूनमध्ये पहिल्या पावसात ब्रेक लावताना घसरतो, आणि दोष पावसाला दिला जातो.

याला पुरावा काय? सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकेत झाला. २००० साली फायरस्टोन कंपनीला फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवरचे लाखो टायर परत घ्यावे लागले. नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या आणि मृतांचा आकडा अमेरिकेतच अडीचशेच्या पुढे गेला. ते टायर मुळात सदोष होते, पण त्या प्रकरणानंतर तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने टायरच्या वयाचा प्रश्न हाती घेतला. ॲरिझोनातल्या फिनिक्स या तापट शहरातून वापरलेले टायर गोळा करून ते कापून तपासले. वय वाढेल तसे रबर कडक आणि कमजोर होत गेल्याचे दिसले, आणि जमिनीला क्वचितच टेकलेल्या स्टेपनीही त्याला अपवाद नव्हत्या. एका मोठ्या विमा कंपनीच्या नोंदी तर बोलक्या आहेत. तिचे २७ टक्के विमाधारक ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सास या पाच उष्ण राज्यांत होते. टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे मात्र तिथूनच आले. त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. फिनिक्सचा उन्हाळा आपल्यापेक्षा लांब असतो, आपल्याला जूनच्या मध्यापासून पाऊस सोडवतो, हे मान्य. तरी मार्च ते जून हा काळ विदर्भात रबरासाठी सौम्य असतो असे कुणी म्हणणार नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. एवढे संशोधन करूनही अमेरिकेने टायरच्या वयाचा कायदा केला नाही. २०१४ साली त्याच प्रशासनाने वयाचे वेगळे मानक आणण्याची गरज नाही असा निष्कर्ष काढला, कारण दरम्यान टायरमुळे होणारे मृत्यू बरेच घटले होते. मग आपण कशाला बाऊ करायचा? उत्तर त्या घटीच्या कारणांत आहे. तिथे टायरच्या टिकाऊपणाच्या आणि वेगाच्या चाचण्या कडक झाल्या, आणि २००८ च्या मॉडेलपासून प्रत्येक हलक्या वाहनात हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि वयाने आलेली कमजोरी नेमकी तेव्हाच उघडी पडते. चालकाला डॅशबोर्डवर दिवा दिसतो, तो हवा भरतो, म्हातारा टायर कसाबसा तरून जातो. आपल्याकडे ही यंत्रणा सक्तीची नाही. उलट उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून ती मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरमध्ये ठेवायचा असतो आणि तापल्यावर वाढणारा दाब त्यात आधीच गृहीत धरलेला असतो. ब्रिटनने पुढचे पाऊल टाकले. तिथे २०१२ साली एका बसच्या पुढच्या चाकाचा टायर फुटून तीन जण मेले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता आणि नक्षी पुरेशी असल्याने कायदेशीर होता. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने कित्येक वर्षे लढा दिला. १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला तिथे बंदी आहे. मोटारींना ही बंदी नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप घरचाच आहे. अपघात झाला की टायरवर खापर फोडणे सोपे असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. बसचा क्रमांक एमएच २९, म्हणजे यवतमाळचा. टायर फुटला असे चालकाने सांगितले आणि सकाळी सगळीकडे तीच बातमी होती. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. म्हणूनच ‘टायर फुटला’ हे वाक्य पुराव्याशिवाय स्वीकारू नये, आणि झोप, वेग, दारू यांच्यापुढे टायरचे वय हे लहान कारण आहे हेही खरे. पण मोठी कारणे आहेत म्हणून लहान कारण सोडून द्यायचे का? झोप आवरायला चालकाचा संयम लागतो. टायरची तारीख पाहायला, खरेदीच्या वेळी, मोबाइलचा दिवा पुरतो. शिवाय समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. गावरस्त्यावर ४० च्या वेगाने वर्षानुवर्षे निभावलेला टायर धामणगावच्या फाट्यावरून आत शिरला की पहिल्यांदाच तासन् तास त्या वेगाने फिरतो.

तारीख कुठे असते? टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक लांब क्रमांक असतो, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्याची जागा भंगारात आहे. पूर्ण क्रमांक पुष्कळदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू गाडीखाली गेली की दिसत नाही, म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी पाहावे. चारही टायरचे पाहावे. एकाच बिलावर दोन वेगळ्या वर्षांचे टायर देण्याची पद्धत आहे. डिकीतली स्टेपनी गाडीइतकीच जुनी असते. नवी नक्षी पाहून ती पुढच्या चाकाला लावू नये.

आता दुकानात मिळणाऱ्या ‘नव्या’ टायरचे वय. दुकानदार म्हणतो, टायर वापरला नाही, उभा होता, त्याला काय होते? त्याचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. रिमवर न चढवलेल्या, हवा न भरलेल्या, अंधारात आणि थंडाव्यात ठेवलेल्या टायरचे वय फार हळू वाढते. जर्मनीत तीन वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायर कारखान्यातून आल्यासारखा नवा मानतात आणि पाच वर्षांपर्यंतचा नवा म्हणून विकता येतो. पण ही सवलत थंडाव्याच्या अटीवर आहे. रबरी वस्तूंच्या साठवणुकीचे तिथले मानक तापमान २५ अंशांच्या आत ठेवायला सांगते. दारव्हा रोडवरच्या किंवा पुसदच्या टिनाच्या छपराखालील गोदामात एप्रिल-मेमध्ये किती अंश असतील, ते तिथे पाच मिनिटे उभे राहिलेल्या कुणालाही सांगता येईल. जर्मनीची वर्षे इथे तशीच मोजता येणार नाहीत. आणि टायर शिळा होऊन यावा इतके आपण कारखान्यांपासून दूरही नाही. चाकणला, वाळूजला, गोव्यात उसगावला टायर बनतात. ट्रकने दोन-तीन दिवसांचे अंतर. माल जुना होतो तो पडून राहिल्याने. अल्टोचा १४५/८० आर १२ किंवा बोलेरोचा २१५/७५ आर १५ सतत खपतो, तो सहसा ताजा मिळतो. कमी खपाच्या किंवा बंद झालेल्या गाडीच्या मापाचा टायर दुकानात दोन-तीन उन्हाळे काढतो. अशा मापाच्या मालकांनी जास्त जागरूक असावे.

किती जुना चालेल, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. मोटार कंपन्यांपैकी अनेक सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशेलिनसारख्या टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कसाही असो, बदल सुचवतात. विदर्भाच्या उष्म्यात सहा वर्षांची मर्यादा पाळावी, असे माझे मत. मग खरेदीचा हिशेब सोपा होतो. घरची गाडी वर्षाला ५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याने दोन वर्षे जुना टायर पूर्ण भावाने घेतला, तर त्याने एक तृतीयांश आयुष्य पैसे देऊन वाया घालवले. त्याने सहा महिन्यांच्या आतला टायर मागावा, फार तर वर्षाचा. वर्षाला ४० हजार किलोमीटर जीप पळवणाऱ्याचा तोच दोन वर्षांचा टायर वर्षभरात झिजून जाईल. त्याला तो सवलतीत मिळत असेल आणि भेगा, फुगवटा नसेल, तर घ्यायला हरकत नाही. म्हणजे जुना माल फेकून द्या, अशी मागणी दुकानदाराकडे करण्याचे कारण नाही. तो वय सांगून, भाव पाडून, योग्य गिऱ्हाइकाला विकावा, एवढेच. गरिबाला नवा टायर परवडत नाही हा आक्षेपही याच जागी सुटतो. परवडत नसेल त्याने वय लपवलेला टायर घेऊ नये, वय माहीत असलेला स्वस्त टायर घ्यावा. गुळगुळीत टायरवर पुन्हा खाचा कोरून, काळे पॉलिश मारून विकलेला माल मात्र कुठल्याच भावाला घेऊ नये. नक्षी कोरताना पोलादी पट्ट्यांवरचे उरलेसुरले रबरही जाते.

तारीख विचारणे ही या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. खरिपाच्या तोंडावर कपाशीचे बियाणे घेताना यवतमाळचा शेतकरी पाकिटावरची मुदत पाहतो, बिलावर लॉट नंबर लिहून घेतो, पाकीट आणि टॅग हंगामभर जपतो. उगवण झाली नाही तर तक्रार त्याच कागदावर उभी राहते, आणि कृषी विभागही दरवर्षी हेच करायला सांगतो. टायरच्या बिलावर कंपनी, माप आणि किंमत असते. तारखेची जागा रिकामी असते. ती भरायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे, पक्के बिल न देणे ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परिवहन खात्याकडून अपेक्षा माफकच आहे: समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासताना नक्षीबरोबर ते चार आकडेही वाचावेत आणि ब्रिटनप्रमाणे बसच्या पुढच्या चाकांपासून वयाची मर्यादा सुरू करावी.

कापूस विकून दिवाळीला हातात पैसा येतो, त्यात गाडीला नवे टायर घालायचे असतील तर भाव ठरवण्याआधी चारही टायरच्या तारखा वाचा आणि त्या बिलावर सही-शिक्क्यासह लिहून मागा. दुकानदाराने नकार दिला, तर टायर तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.